आजींची कानबाईची गाणी सुपर 8 फिल्मवर घ्यावीत की डिजिटलवर?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शिरपूर तालुक्यातील तुमच्या घरी जुनी पेटी उघडताना आजोबांचा सुपर 8 (8 मिमी रुंदीच्या फिल्मवर चालणारा घरगुती) कॅमेरा सापडला आणि त्याच्यासोबत फिल्मची काही रिळेही निघाली. येत्या श्रावणात घरी कानबाई बसणार आहे. ही खान्देशातली लोकदेवी रविवारी बसते आणि सोमवारी सकाळी तिचे विसर्जन होते. आजी आणि त्यांच्या जोडीच्या बायका त्या रात्री अहिराणीत जी गाणी म्हणतात त्यांवर वीसेक मिनिटांचा माहितीपट करावा, असे तुमच्या मनात आहे. तो आजोबांच्या कॅमेऱ्याने फिल्मवर करावा की डिजिटल कॅमेरा भाड्याने आणावा, असे तुम्ही विचारता. ‘फिल्ममध्ये जी जान असते ती डिजिटलला येत नाही’ असे एका जाणकाराने सांगितल्यामुळे तुमचे मन फिल्मकडे झुकले आहे, असेही तुम्ही लिहिले आहे.

माझे शिक्षण 16 मिमी फिल्मवर झाले आणि पुढची सगळी कामे मी व्हिडिओवर केली. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत लग्नसमारंभांपासून शेतीविषयक माहितीपटांपर्यंत अनेक प्रकारचे चित्रीकरण मी करत आले आहे, आणि अधूनमधून स्वतःच्या समाधानासाठी अजूनही फिल्म वापरते. त्या अनुभवावरून सांगते की कोणते माध्यम श्रेष्ठ, या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. जे टिपायचे आहे त्यात आवाजाला किती महत्त्व आहे, तो प्रसंग पुन्हा घडवता येणार आहे का, तिथे उजेड किती असेल, आणि नंतर ते चित्रण कोण सांभाळणार आहे, यावर ते अवलंबून असते. तुमच्या बाबतीत पहिल्या मुद्द्यावरच निम्म्याहून अधिक निर्णय होतो, म्हणून त्याविषयी आधी आणि जरा विस्ताराने लिहिते.

आज मिळणाऱ्या सुपर 8 फिल्मवर आवाज नोंदवला जात नाही. 1973 मध्ये कडेला चुंबकीय पट्टी असलेली, आवाज नोंदवणारी कार्ट्रिज (फिल्मची बंद डबी) बाजारात आली होती, पण 1997 मध्ये तिचे उत्पादन थांबले. त्यामुळे आजोबांच्या कॅमेऱ्यावर माइक जोडण्याची जागा असली तरी तिचा आता उपयोग नाही. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेऊन नंतर चित्राशी जुळवता येईल, असे तुम्हाला वाटेल. त्यात दोन अडचणी आहेत. घरगुती सुपर 8 कॅमेऱ्याची मोटर घड्याळासारखी नेमकी चालत नाही, तिची गती थोडी कमी-जास्त होत राहते, त्यामुळे थोड्याच वेळात ओठ आणि शब्द यांची फारकत होते. दुसरे म्हणजे मोटरचा स्वतःचा खरखराट छोट्या खोलीत स्पष्ट ऐकू येतो आणि रेकॉर्डिंगमध्येही उतरतो.

याहून मोठी अडचण लांबीची आहे. सुपर 8 ची कार्ट्रिज 50 फुटांची असते. सेकंदाला 24 फ्रेम या गतीने ती अडीच मिनिटांत संपते, 18 फ्रेमने चालवली तर 3 मिनिटे 20 सेकंद पुरते. कानबाईचे गाणे एकीने म्हणायचे आणि बाकीच्यांनी झेलायचे, अशा रीतीने वाढत जाते. मध्येच कोणाला एखादे कडवे आठवते, मग मागचे पुन्हा घेतले जाते, कोणीतरी हसते, कोणी दुरुस्ती करते. हे सगळे अडीच मिनिटांत मावत नाही, आणि कार्ट्रिज बदलेपर्यंत थांबा, असे त्या बायकांना सांगणे म्हणजे ते गाणेच मोडणे आहे. तुम्हाला जपायची आहेत ती अहिराणीतील गाणी, त्यांचे शब्द आणि म्हणण्याची ढब. म्हणून रात्रीचे संपूर्ण चित्रीकरण डिजिटलवरच करा, असे मी निःशंकपणे सांगते.

त्यातही कॅमेऱ्यापेक्षा आवाजाची व्यवस्था आधी करा. भाड्याच्या भारी कॅमेऱ्यावर पैसे घालण्याऐवजी साधा कॅमेरा किंवा चांगला मोबाइल वापरून उरलेल्या पैशांत स्वतंत्र रेकॉर्डर आणणे मी पसंत करेन. तो 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिटवर ठेवून गाणाऱ्या बायकांच्या शक्य तितक्या जवळ, त्यांच्या तोंडाच्या उंचीच्या जरा खाली ठेवा आणि एकदा सुरू केला की गाण्यांच्या मध्ये बंद करू नका. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवणे सोपे जाते. पंखा, फ्रीज आणि बाहेरचा ध्वनिवर्धक यांचा बंदोबस्त आधीच करा. श्रावणात पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजू लागला तर शब्द ऐकू येत नाहीत, म्हणून घराचा कोणता भाग स्लॅबचा आहे ते पाहून शक्य असल्यास बैठक तिथे घ्यायला सुचवा. मात्र देवीच्या चौरंगाची जागा चित्रीकरणासाठी हलवायला सांगू नका. स्थापनेच्या वेळी कॅमेरा चालेल का, हेही घरातील वडीलधाऱ्यांना आधी विचारा, कारण प्रत्येक घराची रीत वेगळी असते. आणि गाणाऱ्या बायकांच्या मधोमध तुम्ही स्वतः बसण्याऐवजी बहिणीला किंवा वहिनीला रेकॉर्डर सांभाळायला द्या. कॅमेरा घेतलेला पुरुष समोर बसला की कितीतरी गाणी म्हटलीच जात नाहीत, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

पूर्ण शब्द मिळावेत यासाठी आणखी एक बैठक ठेवा. उत्सवानंतर आठवड्याभराने, दुपारच्या निवांत वेळी, आजींना एकटीला किंवा एखाद्या मैत्रिणीसोबत बसवून तीच गाणी पुन्हा म्हणायला सांगा आणि प्रत्येक कडव्याचा अर्थ विचारा. रात्रीच्या ध्वनिमुद्रणात जिथे चार आवाज एकमेकांवर चढलेले असतील तिथे हे दुसरे ध्वनिमुद्रण उपयोगी पडेल, शिवाय संकलनाच्या वेळी तुमच्याकडे आजींचा चेहरा आणि त्यांचे बोलणे दोन्ही असतील.

आता उजेडाचे पाहू. फिल्मच्या नावातला आकडा तिची प्रकाश-संवेदनशीलता सांगतो, ‘टी’ म्हणजे बल्बच्या उजेडासाठी आणि ‘डी’ म्हणजे दिवसाच्या उजेडासाठी. कोडॅकची सर्वांत वेगवान, म्हणजे सर्वांत कमी उजेडात चालणारी, रंगीत निगेटिव्ह 500 टी ही आहे. एका-दोन बल्बच्या उजेडात, सेकंदाला 24 फ्रेम घेताना, तिच्यावर भिंगाचे छिद्र पूर्ण उघडूनही एक्सपोजर जेमतेम मिळते. ‘एक्सएल’ असे नाव असलेले सुपर 8 कॅमेरे कमी उजेडासाठीच बनवले होते. त्यांचे भिंग मोठे उघडते आणि शटरही जास्त वेळ उघडे राहते, त्यामुळे त्यांच्यावर थोडी आशा असते. इतर कॅमेऱ्यांवर तुम्हाला दिव्यांच्या जवळचे दोन चेहरे मिळतील आणि बाकी खोली दाणेदार काळोखात जाईल. डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर अशा उजेडात कितीतरी सहजपणे काम करतो. फक्त फ्रेमची गती सेकंदाला 25 आणि शटर 1/50 ठेवा. आपली वीज 50 हर्ट्‌झची असल्यामुळे या आकड्यांवर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी बल्ब यांचा लुकलुकाट सहसा चित्रात येत नाही. मोबाइल वापरणार असाल तर एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हे तिन्ही लॉक करा. नाहीतर कोणी आरती घेऊन समोरून गेले की पूर्ण चित्र काळवंडते आणि पुन्हा उजळते.

इथपर्यंत वाचून तुम्ही खट्टू झाला असाल, पण आजोबांचा कॅमेरा पेटीत परत ठेवा, असे मी सांगणार नाही. रविवारी दिवसभराची तयारी आणि सोमवारी सकाळची विसर्जनाची मिरवणूक हे दोन प्रसंग त्याच्यासाठीच आहेत. तिथे शब्दांपेक्षा पाहण्याला महत्त्व आहे. तिथे उजेड असतो, आणि मागे रात्रीच्या ध्वनिमुद्रणातील एखादे गाणे सलग वाजत ठेवता येते, त्यामुळे ओठ जुळवण्याची गरजच उरत नाही. माझ्या मते तुमच्या माहितीपटाचा खरा आराखडा हाच आहे. रात्र आणि आवाज डिजिटलवर घ्या, दिवस आणि हालचाली फिल्मवर घ्या.

फिल्मवर काय घ्यायचे ते फ्रेमच्या आकारावरून ठरवा. सुपर 8 ची फ्रेम सुमारे 5.8 बाय 4 मिमी असते, तर 16 मिमीची साधारण 10.3 बाय 7.5 मिमी, म्हणजे क्षेत्रफळाने तिपटीहून मोठी. एवढ्याशा फ्रेमवर दूरचा विस्तीर्ण देखावा घेतला की त्यातील तपशील दाण्यांत हरवून जातो. तापीचे पात्र, काठावरची गर्दी आणि डोक्यावर चौरंग घेतलेली बाई हे सर्व एकाच फ्रेममध्ये बसवायला जाल तर मिळेल तो एक करडा पट्टा आणि त्यावरचे ठिपके. जवळ जा. नैवेद्याच्या रोटासाठी गहू निवडणारे हात, नारळावर बसवलेले डोळे आणि नथ, केळीच्या खांबाला गाठ मारणारी बोटे, पाण्यात उतरताना सावरलेले लुगडे अशा गोष्टी सुपर 8 वर फार सुंदर येतात. चेहराही तसाच, छातीपर्यंतचा किंवा त्याहून जवळचा घ्या. विस्तीर्ण देखावे डिजिटलवर घेऊन ठेवा.

‘जान’ या गोष्टीविषयी मला काय वाटते ते इथेच सांगते, कारण त्याचा संबंध याच दाण्याशी आहे. फिल्मवरील चांदीच्या क्षारांचे कण प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात, म्हणून स्थिर भिंतसुद्धा पडद्यावर किंचित हलल्यासारखी भासते. सेन्सरवरचे बिंदू मात्र ठरलेल्या जागी असतात. निगेटिव्ह फिल्म अतिप्रकाशित भाग एकदम पांढरा करत नाही, हळूहळू फिका करत नेते. या दोन गुणांमुळे डोळ्याला फिल्म सुखद वाटते, आणि तो फरक खरा आहे, हे मीही मानते. पण हा गुण चित्राच्या पोताचा आहे. आजींच्या तोंडचे शब्द हरवले तर पोत कितीही सुंदर असला तरी तुमच्या हाती काही उरणार नाही. तसेच डिजिटल चित्रावर संगणकाने ओरखडे आणि डाग घालून जुन्या फिल्मचा आव आणू नका. पाहणाऱ्याला त्यातून खोटा काळ दिसतो, आणि आजी तर आज तुमच्यासमोर बसलेल्या आहेत.

एक्सपोजरच्या बाबतीत दोन्ही माध्यमांत उलट सवयी लागतात, आणि आपल्याकडच्या उन्हात ते नीट समजून घ्यावे लागते. पांढरी टोपी, पांढरे धोतर आणि त्यांच्यामध्ये सावलीतला सावळा चेहरा, असा प्रसंग खान्देशात पदोपदी येतो. निगेटिव्ह फिल्मवर चेहऱ्याच्या सावलीकडे पाहून एक्सपोजर ठरवावे, शंका आली तर एक स्टॉप, म्हणजे दुप्पट प्रकाश, जास्तच द्यावा. टोपीचा पांढरेपणा फिल्म सांभाळून घेते, पण कमी पडलेला प्रकाश नंतर परत आणता येत नाही. डिजिटलवर याच्या अगदी उलट टोपीवर लक्ष ठेवावे, कारण तिथला तपशील एकदा गेला की कोणत्याही सॉफ्टवेअरने परत मिळत नाही, आणि चेहऱ्याची सावली मात्र नंतर काही प्रमाणात उचलता येते. कॅमेऱ्यात झेब्रा पट्ट्यांची, म्हणजे अतिप्रकाशित भागावर तिरप्या रेघा दाखवण्याची, सोय असेल तर ती चालू ठेवा. कापसाच्या जिनिंगमध्ये चित्रीकरण करताना मला तिचा सर्वांत जास्त उपयोग झाला आहे, कारण तिथे पांढऱ्यावर पांढरेच असते.

फिल्मचा प्रकार निवडताना सोमवारच्या सकाळसाठी 50 डी घ्या. ढगाळ सकाळीही तिला पुरेसा उजेड मिळतो आणि तिचा दाणा सर्वांत बारीक असतो. रविवारी घरात, दाराजवळच्या किंवा ओसरीवरच्या उजेडात चालणाऱ्या तयारीसाठी 200 टी घ्या. 500 टी उघड्या उन्हात वापरू नका, कारण प्रकाश कमी करणारा करडा फिल्टर लावल्याशिवाय तिचा अतिरेकी प्रकाश आवरतच नाही. एक्टाक्रोम 100 डी ही रिव्हर्सल फिल्म (धुतल्यावर निगेटिव्हऐवजी थेट सरळ चित्र देणारी) 2018 मध्ये पुन्हा बाजारात आली आणि तिचे रंग मोहक आहेत, पण ती एक्सपोजरची चूक फारशी माफ करत नाही, म्हणून पहिल्या कामासाठी ती नको. कार्ट्रिजवरची खाच पाहून कॅमेरा फिल्मची संवेदनशीलता ओळखतो. बरेच साधे कॅमेरे फक्त 40 आणि 160 एवढ्याच ओळखतात. 50 डी ला 40 आणि 200 टी ला 160 समजल्याने थोडा प्रकाश जास्त जातो, आणि तो निगेटिव्हला पथ्यावरच पडतो. 200 टी दिवसाच्या उजेडात वापरताना कॅमेऱ्यातला नारिंगी फिल्टर लागलेला आहे ना, ते तपासा. 50 डी साठी मात्र तो काढून ठेवा.

कॅमेरा चालतो का, हे श्रावण उजाडण्याची वाट न पाहता आताच पाहा. आधी तो खरोखर सुपर 8 आहे याची खात्री करा. सुपर 8 च्याच सुमारास आलेला फुजीचा सिंगल 8 किंवा त्याआधीचा साधा 8 मिमी असेल तर कोडॅकची सुपर 8 कार्ट्रिज त्यात बसणार नाही. मग सेलचा कप्पा उघडा. सेल पाझरून हिरवट-पांढरा थर जमला असेल तर तो स्वच्छ करून घ्या आणि नवे सेल घालून रिकामा कॅमेरा चालवून पाहा. मोटरचा आवाज एकसारखा आला पाहिजे. भिंग उजेडासमोर धरून आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का, तेही पाहा. काही कॅमेऱ्यांच्या लाइट मीटरला 1.35 व्होल्टचा पाऱ्याचा वेगळा सेल लागत असे. तो आता मिळत नाही, आणि त्याच्या जागी 1.5 व्होल्टचा सेल घातला तर मीटर चुकीचे दाखवू शकते. अशा वेळी वेगळे लाइट मीटर किंवा मोबाइलवरचे मीटर वापरून भिंगाचे छिद्र हाताने ठेवावे, अर्थात तुमच्या कॅमेऱ्यात तशी सोय असेल तर. नसेल तर सेलचे व्होल्टेज जुळवून घेणारे परिवर्तक (अडॅप्टर) मिळतात, त्यांची चौकशी करा. एवढे झाल्यावर एक कार्ट्रिज चाचणीसाठी वापरून धुऊन आणि स्कॅन करून घ्या. ही चाचणी टाळू नका, कारण उत्सव वर्षातून एकदाच येतो.

खर्चाचा हिशेब मांडूनच पुढे जा. वीस मिनिटांच्या माहितीपटासाठी पाचपट चित्रीकरण हे कमीत कमी धरले तरी शंभर मिनिटांचे फुटेज होते, म्हणजे 24 फ्रेमच्या गतीने 40 कार्ट्रिज. फिल्म, धुलाई, स्कॅनिंग आणि पाठवणी धरून प्रत्येक कार्ट्रिजमागे काही हजार रुपये जातात. त्यावरून पूर्ण माहितीपट फिल्मवर करणे घरच्या उपक्रमाला परवडणारे नाही, हे दिसते. मी सांगते त्या पद्धतीने चाचणीची एक आणि उत्सवाच्या तीन किंवा चार कार्ट्रिज पुरतात. तीन कार्ट्रिजमधून साडेसात मिनिटांचे चित्रण मिळते आणि त्यातले निम्मे जरी पडद्यावर आले तरी वीस मिनिटांच्या माहितीपटात ते भरपूर आहे. कोडॅकने 2023 च्या अखेरीस नवा सुपर 8 कॅमेरा 5,495 डॉलरला बाजारात आणला. त्याच्या बातम्या वाचून मोहात पडू नका. आजोबांच्या कॅमेऱ्याचे भिंग स्वच्छ असेल आणि मोटर चालत असेल तर तुमच्या कामाला तो पुरेसा आहे.

फिल्म मागवण्याआधी लॅब ठरवा. रंगीत निगेटिव्हला सिनेमाची ईसीएन-2 धुलाई लागते, आणि ती शहरातल्या फोटो स्टुडिओत होत नाही. ज्या लॅबकडे पाठवणार तिला आधी लिहून सुपर 8 ची धुलाई आणि स्कॅनिंग दोन्ही होते का, किती दिवस लागतात, आणि स्कॅन कोणत्या फाइलमध्ये मिळेल, हे विचारून घ्या. सुपर 8 साठी 2के स्कॅन पुरेसा असतो. फिल्म विमानाने जाणार असेल तर चेक-इनच्या सामानात टाकू नका, त्या सामानाच्या क्ष-किरण तपासणीत ती धुरकट होते. हातातल्या सामानातून नेऊन हाताने तपासण्याची विनंती करावी. 24 फ्रेमने घेतलेले चित्रण 25 च्या गतीने चालवले तर चार टक्क्यांचाच फरक पडतो आणि आवाजाशिवायच्या दृश्यात तो कोणाच्याही लक्षात येत नाही, म्हणून डिजिटलशी मेळ घालणे सोपे आहे.

फिल्मचा आपल्याकडचा खरा शत्रू उष्णता आहे. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, आणि बंद गाडीत तर त्याहून कितीतरी जास्त तापते. न वापरलेली फिल्म 13 अंश सेल्सियस किंवा त्याहून कमी तापमानाला ठेवावी, म्हणजे घरच्या फ्रीजमध्ये हवाबंद पिशवीत घालून. वापरण्याआधी बाहेर काढून पिशवी न उघडता एक-दीड तास तशीच राहू द्यावी, नाहीतर श्रावणातल्या दमट हवेने तिच्यावर दव धरते. चित्रीकरणानंतर धुलाई लांबवू नये. मोबाइललाही ऊन सोसत नाही हे लक्षात असू द्या. तो तापला की रेकॉर्डिंग मध्येच बंद पडते. श्रावणात हे सहसा घडणार नाही, पण तुम्ही आखाजीची (अक्षय्य तृतीयेची), गौराईची आणि झोक्यावरची गाणीही पुढे घेणार असाल तर वैशाखातल्या दुपारी सावलीची सोय करूनच काम करा.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला माहितीपटापेक्षाही तातडीची वाटते. पेटीत निघालेली रिळे प्रोजेक्टरवर चढवू नका. जुनी फिल्म आक्रसलेली असते, आणि प्रोजेक्टरचा पंजा तिच्या कडेची भोके फाडतो. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ॲसिटेटचा पाया विघटित होऊ लागला आहे असे समजा. उष्णता आणि दमटपणाने हे वाढते, एकदा सुरू झाले की थांबत नाही आणि शेजारच्या रिळांनाही लागते. अशी रिळे वेगळी करा, थंड आणि कोरड्या जागी ठेवा आणि लवकर स्कॅन करून घ्या. कडेची भोके बारीक आणि प्रत्येक फ्रेमच्या मध्याशी असतील तर ती सुपर 8, म्हणजे 1965 नंतरची. भोके मोठी आणि दोन फ्रेमच्या सांध्यावर असतील तर साधी 8 मिमी. स्कॅन करणाऱ्याला हे आधी सांगावे लागते. पेटीत एखादी न धुतलेली कोडाक्रोम कार्ट्रिज निघाली तर तिची रंगीत धुलाई 2010 च्या अखेरीपासून जगात कुठेही घेतली जात नाही. कृष्णधवल धुलाई मात्र काही लॅब करून देतात. त्या रिळांत तुमच्या घरची एखादी जुनी कानबाई असू शकते, आणि असेल तर तुमच्या माहितीपटात तिच्यासारखे मोलाचे दुसरे काही नसेल. म्हणून नव्या कार्ट्रिजचे आणि जुन्या रिळांच्या स्कॅनिंगचे पैसे एकाच वेळी जमत नसतील तर आधी जुनी रिळे.

डिजिटल फुटेज सांभाळणे हे चिकाटीचे काम आहे. धुतलेली फिल्म थंड, कोरड्या जागी ठेवली तर वर्षानुवर्षे तिच्याकडे फारसे पाहावे लागत नाही. डिजिटलचे मात्र केळीच्या बागेसारखे आहे, पाण्याची पाळी चुकवून चालत नाही. 100 मेगाबिटच्या दराने 4के चित्रीकरण केले तर तासाला 45 जीबी होतात, रात्रीतून चार तास घेतले तर 180 जीबी. त्याच रात्री कार्डावरून दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नका. तिसरी प्रत दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवा. दर चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवत राहा. मूळ फाइल म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेली फाइल. व्हॉट्सॲपवर फिरलेली नव्हे. लोक संकलित माहितीपट तेवढा ठेवतात आणि मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकतात, याचे मला फार वाईट वाटते. पुढे अहिराणीचा अभ्यास करणाऱ्याला वीस मिनिटांच्या माहितीपटापेक्षा रात्रभराचे सलग ध्वनिमुद्रण कितीतरी जास्त उपयोगी पडणार आहे. प्रत्येक फाइलला गाव, दिनांक आणि गाणाऱ्या बायकांची नावे त्यांच्या संमतीने जोडा.

कामाचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात जुन्या रिळांचा वास आणि भोके तपासा आणि कॅमेऱ्यात सेल घालून पाहा. चाचणीची कार्ट्रिज जाऊन परत येईपर्यंत बराच काळ जातो, म्हणून ती नागपंचमीच्या निदान दोन-तीन महिने आधी पाठवलेली असावी. ती वाया गेली तर आजोबांच्या कॅमेऱ्याचा हट्ट या वर्षी सोडा आणि सर्व डिजिटलवर घ्या, फिल्म पुढच्या श्रावणात. कॅमेऱ्याच्या तळाशी किंवा बाजूला मॉडेलचे नाव असते, ते कळवा. त्याला किती सेल लागतात, तो कोणत्या संवेदनशीलता ओळखतो आणि छिद्र हाताने ठेवता येते का, हे नाव कळल्यावर मी सांगू शकेन.